मलिदा कोणी खाल्ला?

"मलिदा कोणी खाल्ला?" असं कुणी विचारलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? टेंडर, ठेकेदार, कमिशन, पुढारी... पेपरवाल्यांनी या बिचाऱ्या शब्दाची पार वाट लावून टाकली आहे. उन्हाळ्यात ट्रेनिंग संपवून मी हॉस्टेलवर परत आले आणि "मी अलिबागला मलिदा खाऊन आले" असं रूममध्ये जाहीर केलं, तेव्हा माझ्या रूममेट्स खो खो हसत सुटल्या. "ट्रेनिंगला गेली होतीस की टेंडर भरायला?"

खरं तर आम्हा हिंगोलीकडच्या लोकांना मलिदा नवा नाही. माझं गाव वसमत तालुक्यातलं. गावच्या दर्ग्याच्या उरुसाला पोळ्या कुस्करून, त्यात गूळ-तूप घालून मलिदा करतात आणि फातेहा झाला की सगळ्या गावात वाटतात. आमच्या घरी आला की माझी आजी तो आधी देवापुढे ठेवायची, मग आम्हाला द्यायची. त्यामुळे मलिदा म्हणजे उरूस, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण अलिबागच्या मलिद्यात पोळी नव्हती, पोहे होते. आणि ज्यांच्या घरी मी तो खाल्ला ते लोक ज्यू होते. हो, ज्यू! आणि अस्सल मराठी बोलणारे!

मित्र-मैत्रिणींनो, हा लेख त्यांच्याविषयी, त्यांच्या सणांविषयी आणि मुख्य म्हणजे सणाच्या जेवणाविषयी आहे. (भूक लागली असेल तर मेसला जाऊन या, मग वाचा.)

दारावरची बेल

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर आम्हाला मोझेस, डेव्हिड, एलिया यांच्या गोष्टी सांगायच्या. त्यामुळे ज्यू म्हणजे एकतर बायबलमधले, नाहीतर इतिहासाच्या पुस्तकात हिटलरच्या धड्यातले, एवढीच माझी माहिती. असं कुणी शेजारी राहत असेल आणि "काय गो, जेवलीस का?" म्हणून विचारेल, हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

इन-प्लांट ट्रेनिंगसाठी मी अलिबागला पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. शेजारच्या घरात एक आजी एकट्याच राहायच्या. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी तिरकी डबी ठोकलेली होती. मी तिला बेल समजून दाबायला गेले! आजी हसत हसत बाहेर आल्या. "ती बेल नाही गो, मेझुझा आहे. आत आमची प्रार्थना लिहिलेली आहे." अशी आमची ओळख झाली.

पुढे सहा आठवडे आजींनी मला पुष्कळ खाऊ घातलं आणि त्याहून जास्त सांगितलं. काही गोष्टी मी नंतर पुस्तकांतून वाचल्या. पण सुरुवात त्यांच्या ओट्यापाशी झाली.

नवगावचा किनारा

या समाजाचं नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची मुलं. त्यांची परंपरा अशी सांगते की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला आज त्यांचं स्मारक आहे. वाचलेली माणसं कोकणातल्या गावांत पसरली, तिथलीच झाली. आडनावंही गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर. धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा. पण शनिवारी घाणा बंद! कारण शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं 'शनवार तेली'.

आता विचार करा. जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथ बुडाले. हिब्रू भाषा विसरली गेली. जगातल्या इतर ज्यूंशी संबंध उरला नाही. देवळही नव्हतं. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, ज्याला लोक 'जुनी मशीद' म्हणायचे, ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. त्याच्या आधी कित्येक शतकं ना पुस्तक, ना गुरू, ना देऊळ! मग धर्म टिकला कुठे?

आजींचं उत्तर सरळ होतं. "कुठे म्हणजे? चुलीपाशी."

माशांची परीक्षा

यावर त्यांच्याकडे एक गोष्ट सांगतात. दाविद रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे तेली बघून त्याला शंका आली, की हे आपलेच लोक तर नाहीत? पण खात्री कशी करायची? त्याने बायकांकडे वेगवेगळ्या माशांची टोपली दिली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी टोपलीतले पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला काढले. "हे आम्ही खात नाही," एवढंच त्या म्हणाल्या. का खात नाही ते त्यांना सांगता आलं नाही. पण ज्यूंच्या धर्मग्रंथातला नियम नेमका हाच आहे : पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. म्हणजे पापलेट, सुरमई चालतात, पण कोळंबी, खेकडा, तिसऱ्या बाद. रहाबीची खात्री पटली. मग त्याने इथल्या काही लोकांना धर्माचं शिक्षण दिलं, त्यांना 'काजी' म्हणू लागले.

ही परंपरेतली कथा आहे. पण मला ती फार आवडली. आपण व्हायवाला 'नियम सांग' म्हटलं की घडाघडा सांगतो आणि प्रॅक्टिकलला हात थरथरतात. या बायकांचं उलट होतं. थिअरी विसरली होती, प्रॅक्टिकल मात्र चोख!

सणांची नावं स्वयंपाकघरातून

हिब्रू विसरल्यामुळे सणांची मूळ नावं गेली. पण सण गेले नाहीत. लोकांनी त्यांना साधी मराठी नावं दिली आणि त्यातली कितीतरी खाण्यावरून आली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला (तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यात ही नावं आहेत. बघा :

नव्याचा सण – म्हणजे रोश हशाना, ज्यूंचं नवीन वर्ष.

खिरीचा सण – नवीन वर्षाच्या महिन्याच्या चौथ्या दिवशी. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर.

दारफळणीचा सण – म्हणजे योम किप्पूर, वर्षभराच्या चुकांची माफी मागण्याचा कडक उपास. त्या दिवशी दारं लावून सगळे घरातच बसायचे, म्हणून हे नाव.

शिळा सण – उपासाच्या दुसऱ्या दिवशी. दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं.

बिरड्याचा रोजा – जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक. त्या दिवसांत मटण बंद आणि जेवणात वालाचं बिरडं.

अनाशी ढाकाचा सण – यातली गंमत सांगते. घरात आंबट रसाचं एक मडकं असायचं. या सणात ते झाकून ठेवायचे, हात लावायचा नाही. का? ते विसरलं होतं! खरं तर हा पेसाहचा सण. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना ज्यूंना पीठ आंबवायलाही वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. म्हणून त्या आठवड्यात आंबवलेलं काही चालत नाही. कारण विसरलं, मडक्यावरचं झाकण मात्र पिढ्यान् पिढ्या पडत राहिलं.

यात 'रोजा' हा शब्द तुमच्या लक्षात आला असेल. तो मुसलमान शेजाऱ्यांकडून आला. तसाच एलिया संदेष्ट्याचा 'उरूस' सुद्धा! आणि पुरीम नावाच्या सणाला तर हे लोक सरळ 'होळीचा सण' म्हणत आणि पुरणपोळी करत.

होळी कशी काय आली मध्येच? तर ज्यूंचं पंचांग आपल्यासारखंच आहे. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं. बारा चांद्र महिन्यांचे होतात साधारण ३५४ दिवस, म्हणजे सूर्याच्या वर्षाला ११ दिवस कमी पडतात. ते भरून काढायला ते १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना घालतात. हाच आपला अधिक मास! त्यामुळे पुरीम बहुतेक वर्षी फाल्गुन पौर्णिमेच्या, पेसाह चैत्र पौर्णिमेच्या आणि नवीन वर्ष घटस्थापनेच्या आसपास येतं. मग शेजारी होळीला पुरण शिजत असताना यांच्याही घरात पुरण शिजलं, यात नवल काय?

दूध एका बाजूला, मटण एका बाजूला

ज्यूंच्या खाण्याच्या नियमांना कश्रूत म्हणतात आणि नियमात बसणाऱ्या अन्नाला कोशेर. डुक्कर चालत नाही. बकरा, कोंबडी धर्माच्या रीतीनेच कापलेली हवी. रक्त अजिबात चालत नाही, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात आणि मग एक तास मीठ लावून ठेवतात. (केमिकलवाल्यांनो, ऑस्मॉसिस!) आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे दूध आणि मटण एकत्र करायचं नाही, कारण 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' अशी धर्मग्रंथाची आज्ञा आहे. त्यामुळे मटणाच्या जेवणानंतर दुधाची खीर, बासुंदी, दही काही नाही. पाळणाऱ्या घरात भांडीही दोन प्रकारची.

मग सणाला मटणही हवं आणि गोडही हवं, तर करायचं काय? युरोपातल्या ज्यूंना हा प्रश्न अवघड गेला असेल, पण कोकणात नारळ आहे ना! नारळाचं दूध हे दूध नाहीच, ते फळाचा रस. त्यामुळे मटणाच्या रश्शातही तेच आणि गोडातही तेच.

नवीन वर्षाला जगभरचे ज्यू सफरचंद मधात बुडवून खातात, वर्ष गोड जावं म्हणून. बेने इस्राएल त्याच्या जोडीला चिकाचा हलवा करतात. आजींनी कृती सांगितली तेव्हा मी ओरडलेच, "अहो, हा तर आमच्या कुरडयांचा चीक!" आपल्याकडे उन्हाळ्यात आई-आजी करतात तसाच. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खाली बसलेला सत्त्वाचा थर घ्यायचा. पुढे आपण त्याच्या कुरडया पाडतो. ते त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून दाट होईपर्यंत घोटतात, वेलदोडा घालतात, ताटात थापून वड्या पाडतात. घोटायला इतका वेळ लागतो की एकटीचं काम नाही, शेजारणींचे हात लागतात. शेजारणींचे हात लागले की वड्याही त्यांच्या घरी जातातच.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो तेव्हा द्राक्षाच्या वाइनवर प्रार्थना म्हणायची असते. कोकणात वाइन कुठली? म्हणून काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात.

पेसाहला बेखमीर भाकर हवी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबायला लागलं असं धरतात. सोबत खजुराचा दाट रस. तो म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम ज्यूंनी विटा जोडायला वापरलेल्या गाऱ्याची आठवण. (सिव्हिलवाल्यांनो, मॉर्टर!) त्या रात्री घरचे सगळे एकत्र बसून हग्गादा वाचतात, म्हणजे गुलामीतून सुटकेची गोष्ट. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. पुण्याच्या हग्गादात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्या बायका साडीत आहेत!

मलिद्याचं ताट

आता मूळ मुद्दा, मलिदा. तो एका सणापुरता नाही. लग्न, नवीन घर, आजारातून उठणं, परदेशातून सुखरूप येणं, नवस फेडणं, कशासाठीही करतात. तो असतो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या सिस्टरच्या गोष्टीतल्या एलियाच्या नावाने. एलिया अग्निरथातून स्वर्गात गेला अशी कथा आहे. बेने इस्राएल मानतात की जाताना तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला (हे लोणावळ्याचं खंडाळा नव्हे). तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. पेसाहच्या रात्री जगभरचे ज्यू एलियासाठी एक पेला भरून ठेवतात. कोकणात त्याच्यासाठी पोह्यांचं ताट असतं!

आजींचा नातू इस्राएलहून पहिल्यांदाच आला होता, म्हणून मलिदा होता. मी सकाळपासून मदतीला. पोहे धुऊन निथळले, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बदाम-पिस्ते. मोठ्या ताटात मधोमध पोह्यांचा ढीग आणि भोवती फळं : खजूर, केळी, सफरचंद, चिकू. वर गुलाबाचं फूल. मग हिब्रूतून एलियाहू हन्नाबीचं गाणं झालं. झाडाच्या फळाचे वेगळे आभार, जमिनीतून उगवणाऱ्याचे वेगळे, आणि सुवासाचेसुद्धा वेगळे. नंतर ताट सगळ्यांत फिरलं. शेजारच्या कोळीणबाई होत्या, समोरचे मुसलमान काका होते, माझे घरमालक होते, मी होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मलिद्यात दूध नाही, मटण नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. कोशेर पाळणारा खाईल, हलाल पाळणारा खाईल, माळकरी खाईल, जैनही खाईल. इतके कडक नियम पाळणाऱ्या लोकांनी आपल्या सर्वांत मानाच्या ताटात असं काही ठेवलं जे कुणीही खाऊ शकतो. मी हे आजींना म्हटलं. त्या म्हणाल्या, "एवढा विचार कुणी केला गो? पण एकट्याने खायचा तो मलिदा नव्हे." मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या हॉस्टेलवर सणाला सगळी पोरं एकत्र जेवतात का?"

मी "हो" म्हणाले. पण माझा घास अडकला. का, ते शेवटी सांगते.

दहा माणसं

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. इथे त्रास होता म्हणून नव्हे. या देशात ज्यूंना ज्यू म्हणून कधी छळ सोसावा लागला नाही, असं आजी अभिमानाने सांगतात. तिकडे मात्र सुरुवातीला 'तुम्ही खरे ज्यू का?' असा प्रश्न त्यांच्या लग्नांवरून धर्मगुरूंनी काढला! त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. आज लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत मराठी बोलणारी घरं आहेत, तिथे मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

इथे भारतात मात्र सगळे मिळून पाच हजारांच्या आसपासच ज्यू उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागचं सिनेगॉग १८४८ पासूनचं. पण सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात आणि लहान गावांत दहा जण जमवणं कठीण झालं आहे. "प्रार्थनेला दहा पाहिजेत," आजी म्हणाल्या, "मलिद्याला तसा काही नियम नाही. म्हणून मी मलिदा करते."

आणि आपली मेस

आता माझा घास का अडकला ते सांगते. मागच्या रमजान ईदला आपली परीक्षा चालू होती, त्यामुळे फर्स्ट इयरची एक मुलगी घरी जाऊ शकली नाही. मेसमध्ये नेहमीचंच जेवण होतं, तीच पातळ आमटी. ती कोपऱ्यातल्या टेबलावर जेवून गेली. आम्हाला कुणाला आठवणही नव्हती. रात्री मी पाणी भरायला गेले तर ती जिन्यात बसून घरी फोनवर बोलत होती. "हो अम्मी, खाल्ला ना शीरखुर्मा. मैत्रिणींनी केला होता."

आम्ही काहीच केलं नव्हतं. ती आमची लाज राखत होती आणि आईची काळजीही. मी बाटली भरली आणि गुपचूप रूमवर आले. आजींना "हो" म्हणताना मला तो जिना दिसला.

आपण गणपतीला पाच दिवस धमाल करतो, ते छानच आहे. पण हॉस्टेलवर कुणाचा सण कधी आहे आणि त्या दिवशी त्याच्या घरी काय शिजतं, हे आपल्याला माहीत असतं का? मेस कमिटीला आणि स्टाफला माझी एक विनंती आहे. कॉमन रूमच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावावा. प्रत्येकाने आपला एक सण आणि त्या दिवशीचा एक पदार्थ लिहावा. महिन्यातून एकदा त्यातला एक पदार्थ मेसमध्ये व्हावा. खर्च फार येणार नाही.

आणि तोपर्यंत मलिदा आहेच. पोहे, नारळ, साखर, वेलदोडा आणि मिळतील ती फळं. गॅस लागत नाही आणि, रेक्टर मॅडम, कॉइलही लागत नाही! परत आल्यावर मी तो एकदा रूममध्ये केला. एवढी हसाहसी झाली होती, तरी ताट दहा मिनिटांत रिकामं. त्या फर्स्ट इयरच्या मुलीला मी मुद्दाम बोलावलं होतं. तिने एक घास खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "छान आहे ताई. पण आमच्याकडे पोळीचा करतात. पुढच्या वेळी मी करू?"

– तृतीय वर्ष, केमिकल इंजिनिअरिंग